तीन पिते



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गृहस्थ उभा जन्म एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते आणि त्यांच्या वर्गात चार वर्षे बसण्याचे भाग्य मला लाभले, एवढ्याच अधिकारावर मी आज आपल्यासमोर उभा आहे. मास्तरांच्या कपाटात प्लास्टरचे एक पाऊल होते. घोट्याच्या वर सरळ कापलेले, अंगठ्याचा कोपरा उडालेला, आणि वर्षानुवर्षे पोरांचे हात लागून टाचेशी पिवळट पडलेले असे ते पाऊल कुठल्याशा ग्रीक पुतळ्याच्या ठशावरून काढलेले होते. एलिमेंटरीच्या परीक्षेला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी पावसाळ्यानंतरच्या शनिवारी मास्तर ते टेबलावर मांडीत, खिडकीची एक झडप लावून उजेड एकाच अंगाने येईल अशी तजवीज करीत, आणि आम्हांला ते काढायला बसवीत. बाह्यरेषा आधी, छाया मागाहून, हा त्यांचा हुकूम. एकदा आमच्यातल्या एका उनाड मुलाने हा हुकूम मोडून कोळशाच्या कांडीने कागद आधी काळा केला आणि त्या अंधारातून खोडरबराने पाऊल उकरून काढले. आता छडी बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या, पण मास्तरांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "हेही पाऊलच आहे, पण दुसऱ्या माणसाचे."

नवअभिजातवादी आणि स्वच्छंदतावादी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या युरोपीय चित्रकलेच्या दोन संप्रदायांविषयी मला आज बोलावयाचे आहे, आणि या विषयावर मी पुढे जे काही वाचले त्यात मास्तरांच्या त्या एका वाक्याहून नेमके मला फारसे आढळलेले नाही. पाठ्यपुस्तकांतून या दोहोंचे एक कोष्टक दिलेले असते. एका रकान्यात बुद्धी, रेषा, संयम, ग्रीस आणि रोम; दुसऱ्या रकान्यात भावना, रंग, आवेग, समुद्र आणि पूर्वेकडील देश. हे कोष्टक खोटे नाही. पण ते खिशात घालून एखाद्या प्रत्यक्ष चित्रासमोर जाऊन उभे राहावे, तर दोन्ही रकान्यांतील शब्द एकाच चित्रावर येऊन बसतात आणि आपली फटफजिती होते. म्हणून मी आज कोष्टक बाजूला ठेवून तीन चित्रे घेणार आहे, आणि त्या तिन्ही चित्रांतून एकेका माणसाकडे आपले लक्ष वेधणार आहे. तिघेही पिते आहेत. तिन्ही चित्रे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एकाच छपराखाली असल्यामुळे एका सकाळी तिघांनाही भेटता येते.

पहिला पिता होरेशियस. मेकॉलेच्या कवितेमुळे आपल्या इंग्रजी शाळांतून जो पूल राखणारा होरेशियस ठाऊक झाला, तो हा नव्हे. हा त्याहून जुना. रोम आणि आल्बा या दोन नगरांचे युद्ध दोन्ही सैन्ये न लढवता प्रत्येकी तीन भावांच्या झुंजीवर निकालात काढावे असे ठरले. रोमच्या वतीने होरेशियसचे तीन पुत्र उभे राहिले, आल्बाच्या वतीने क्युरिएशियस कुळातील तिघे. गोम अशी की या दोन घराण्यांत सोयरीक होती. होरेशियसच्या घरची एक सून क्युरिएशियसांची बहीण होती, आणि त्याची मुलगी कामिला त्यांच्यापैकी एकाला वाग्दत्त होती. म्हणजे झुंजीचा निकाल कोणताही लागो, घरातील स्त्रियांना रडणे चुकणार नव्हते. रायबाचे लग्न बाजूला ठेवून कोंढाण्याकडे निघालेल्या तानाजीची कथा ज्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे, त्यांना कुलधर्म आणि राज्यधर्म यांतला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही.

झाक-लुई दाविद या चित्रकाराने हे चित्र १७८४ साली रोममध्ये राहून रंगवावयास घेतले आणि पुढल्या वर्षी ते पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, ज्याला 'सालों' म्हणत, मांडले गेले. चित्राची मागणी सोळाव्या लुई राजाच्या इमारत खात्याकडून झालेली होती, आणि खात्याने मंजूर केलेल्या मापाहून ते मोठे करण्याचा अधिकार दाविदने आपण होऊन घेतला. आज ते सुमारे ११ फूट उंच आणि १४ फूट रुंद भरते. चित्राचा प्रसंग मात्र कोणत्याही ग्रंथात नाही. इतिहासकार लिव्हीने शपथ सांगितलेली नाही, कॉर्नेयच्या नाटकातही ती नाही. दाविदने आरंभी वेगळाच प्रसंग योजला होता. झुंजीतून जिवंत परतलेल्या भावाने, शत्रूसाठी रडते म्हणून, कामिलाला ठार मारल्यावर म्हातारा बाप जनतेपुढे मुलाचा कैवार घेतो, तो प्रसंग. त्याचे रेखाटनही त्याने केले होते. ते टाकून देऊन त्याने रक्त सांडण्यापूर्वीचा, अजून सारे शुद्ध असलेला क्षण स्वतःच कल्पिला.

आता चित्राकडे पाहा. मागे तीन कमानी, साधे खांब, कमानींच्या पलीकडे काळोख. म्हणजे नजरेला पळून जायला वाट ठेवलेली नाही. डाव्या कमानीपुढे तीन पुत्र, एकाच सुरात पाय रोवून, एकाच कोनात हात पुढे केलेले. मधल्या कमानीपुढे पिता, हातात तीन तलवारी उंच धरलेल्या. उजव्या कमानीपुढे स्त्रिया. फरशीच्या दगडांच्या रेषा, हातांच्या रेषा, साऱ्या त्या तलवारींच्या मुठींकडे धावतात. माणसे भिंतीवरील उठावाच्या शिल्पाप्रमाणे एका ओळीत उभी आहेत, उजेड डावीकडून तिरपा येतो आणि प्रत्येक स्नायूची कड सुरीने कापल्यासारखी वेगळी करतो. कुंचल्याचा फटकारा कोठेही दिसत नाही. पृष्ठभाग इतका गुळगुळीत की जणू हाताने हे केलेच नाही. म्हाताऱ्याचे पाऊल दाविदने वीस वेळा पुसून पुन्हा काढले अशी आख्यायिका आहे, आणि ती खरी असो वा नसो, त्या पावलाकडे पाहिल्यावर तिच्यावर विश्वास बसतो.

या शैलीची मुळे कोठे आहेत ते मी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण ती हकिकत सर्वत्र उपलब्ध आहे. १७३८ पासून हर्क्युलेनियम आणि १७४८ पासून पाँपेई या ज्वालामुखीखाली गडप झालेल्या नगरांचे उत्खनन सुरू झाले. १७५५ साली विंकेलमान या जर्मन पंडिताने ग्रीकांच्या अनुकरणावर आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि ग्रीक शिल्पातील शांत, उदात्त साधेपणा हाच सर्व कलांचा मानदंड होय, असे मत युरोपभर रूढ झाले. या विंकेलमानने ग्रीस देश कधीही पाहिला नव्हता, ही गोष्ट मला नेहमी मौजेची वाटते. दरबारी चित्रांतील गुलाबी ढग, रेशमी झगे आणि झोपाळे यांचा वीट आलेल्या पिढीला हा साधेपणा थंड पाण्याच्या हबक्यासारखा लागला असला पाहिजे.

परंतु मला बोलावयाचे आहे ते चित्राच्या उजव्या कोपऱ्याविषयी. तेथे कामिला आणि तिची भावजय एकमेकींवर कलंडल्या आहेत, त्यांच्या अंगांच्या रेषा पुरुषांच्या रेषांप्रमाणे ताठ नसून ओघळणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या मागे एक वृद्ध स्त्री दोन नातवंडांना आपल्या काळसर वस्त्राखाली घेऊन बसली आहे. त्या दोघांपैकी थोरला मुलगा तिच्या हाताआडून शपथेकडे टक लावून पाहतो आहे. दाविदला शोक कळत नव्हता असे म्हणणाऱ्याने हा मुलगा पाहिलेला नाही. त्याला शोक कळत होता. मात्र त्याने त्याला एक कमान नेमून दिली. शोकाने त्या कमानीत बसावे, तेथे पाहिजे तेवढे रडावे, पण मधल्या कमानीत पाऊल टाकू नये, अशी ही व्यवस्था आहे. नवअभिजातवादाचे लक्षण मला विचाराल तर ते भावनेचा अभाव हे नसून भावनेला नेमून दिलेली जागा हे आहे.

दुसरा पिता ब्रूटस. येथेही खुलासा हवा: सीझरला मारणारा ब्रूटस तो हा नव्हे, तर ज्याच्या वंशाचा म्हणून तो मिरवीत असे तो, रोममधील राजेशाही उलथून प्रजासत्ताक स्थापणारा. त्याच्याच दोन मुलांनी हाकललेल्या राजाला परत आणण्याचा कट केला आणि पित्याने न्यायाधीश या नात्याने त्यांना मृत्युदंड फर्मावला. दाविदने हे चित्र १७८९ च्या सालोंमध्ये मांडले. बास्तीयचा तुरुंग पडून तेव्हा काही आठवडेच झाले होते. दंडाचा प्रसंग त्याने दाखविलेला नाही. दाखविली आहे ती त्यानंतरची घटका: सेवक मुलांची प्रेते घरात आणीत आहेत, मागच्या बाजूने, अर्धवट अंधारातून, आणि ब्रूटस डाव्या कोपऱ्यात, रोमच्या देवतेच्या मूर्तीच्या सावलीत बसला आहे, त्यांच्याकडे पाठ करून. हातात कटाचा कागद चुरगळलेला. त्याचा चेहरा मोठ्या कष्टाने स्थिर ठेवलेला आहे. पण दाविद हा पावलांचा चित्रकार असल्यामुळे त्याने खरी गोष्ट खाली लिहून ठेवली: ब्रूटसचे एक पाऊल दुसऱ्यावर चढले आहे आणि त्याची बोटे आवळलेली आहेत.

आणि उजेड? तो सगळा उजवीकडे आहे. तेथे आई हात पुढे करून उठली आहे, एक मुलगी तिच्या कुशीत बेशुद्ध पडते आहे, दुसरी दृश्य नजरेआड करण्यासाठी हात उभारते आहे, आणि अगदी कडेला एका दासीने तोंडावर वस्त्र ओढून घेतले आहे. या दोन गटांच्या मध्ये एका टेबलावर एक शिवणाची टोपली आहे, त्यात अर्धवट राहिलेले काम. घटकेपूर्वी या घरात कोणी काही शिवीत होते. एवढी मोठी रोमन प्रजासत्ताकाची प्रतिष्ठा, आणि चित्राच्या ऐन मध्यावर शिवणाची टोपली! चार वर्षांपूर्वी शोकाला जी कमान नेमून दिली होती ती येथे अपुरी पडू लागली आहे. उजेड तिकडे गेला आहे, आणि राज्यधर्म सावलीत बसला आहे. दाविदने असे योजून केले की त्याच्या हाताने त्याला न विचारता केले, हे मी सांगू शकत नाही. पण पाठ्यपुस्तकातील रेघ येथेच, पहिल्या रकान्याच्या ऐन नायकाच्या हातून, ओलांडली जाऊ लागते असे माझे मत आहे.

पुढील वर्षांत, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, दाविदने स्वतः राज्यकारभारात हात घातला. ज्या राजाच्या खात्याने होरेशियसचे चित्र मागविले त्याच राजाच्या शिरच्छेदाला १७९३ च्या जानेवारीत त्याने मत दिले. त्याच वर्षी जुलैत खून झालेल्या आपल्या मित्राचे, क्रांतिकारक माराचे, स्नानाच्या टाकीतले चित्र काढले. क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर पडल्यावर तो तुरुंगात गेला, नेपोलियनच्या अमलात पुन्हा मानाला चढला, आणि राजघराणे परत आल्यावर १८१६ साली ब्रुसेल्सला हद्दपार झाला. १८२५ साली तेथेच तो वारला. त्याचा पट्टशिष्य ग्रो हा गुरूच्या रेषेत रंगवू पाही. पण नेपोलियनच्या मोहिमांची चित्रे काढता काढता जाफा येथील प्लेगचे रोगी त्याच्या चित्राच्या पुढच्या भागात येऊन पडले आणि कमानींची व्यवस्था मोडली. हे १८०४ साल. त्या चित्राविषयी पुष्कळ सांगता येईल, परंतु मला तिसऱ्या पित्याकडे जावयाचे आहे.

त्याला नाव नाही. १८१६ च्या जुलैत 'मेदुसा' नावाचे फ्रेंच सरकारी जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूच्या पट्ट्यावर रुतले. कप्तान हा वीस वर्षांहून अधिक काळ समुद्रावर न गेलेला, केवळ राजनिष्ठेच्या वशिल्याने नेमलेला सरदार. नावा अपुऱ्या होत्या म्हणून तुळया आणि शिडाची लाकडे बांधून एक तराफा करण्यात आला, त्यावर सुमारे १४७ माणसे चढविली, नावांनी तो ओढून न्यायचा ठरले, आणि थोड्याच वेळात दोर सोडून देण्यात आले. तेरा दिवसांनी 'आर्गस' या जहाजाला तराफा सापडला तेव्हा त्यावर १५ जण जिवंत होते. दंगे, तहान, वेड आणि नरमांसभक्षण, सारे त्या तेरा दिवसांत होऊन गेले. वाचलेल्यांपैकी दोघांनी, जहाजावरील एका शल्यवैद्याने आणि एका अभियंत्याने, आपली कैफियत १८१७ साली छापून प्रसिद्ध केली आणि राजसत्तेची अब्रू चव्हाट्यावर आली.

तेओदोर जेरिको त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. या विषयाने तो असा झपाटला की त्याने जणू दुसरा पंचनामाच आरंभिला. कैफियत लिहिणाऱ्यांना तो भेटला. वाचलेल्या सुताराकडून त्याने तराफ्याची लहान प्रतिकृती करवून घेतली. बाहेर जाण्याचा मोहच नको म्हणून डोके भादरून घेतले. बोझों रुग्णालयाजवळ चित्रशाळा घेऊन मरणाऱ्यांचे चेहरे अभ्यासिले, आणि तेथून तोडलेले हातपाय आणून ते सडेपर्यंत रेखाटले. आठ महिन्यांनी जे उभे राहिले ते सुमारे १६ फूट उंच आणि २३ फुटांहून अधिक रुंद होते. १८१९ च्या सालोंमध्ये जहाजाचे नाव वगळून, केवळ जहाज फुटल्याचा एक देखावा या नावाने ते मांडले गेले; पण नाव सांगण्याची गरज कोणाला होती?

जेरिकोने क्षण निवडला तो 'आर्गस' प्रथम दिसल्याचा. ते जहाज क्षितिजावर तिळाएवढे आहे, आणि ते पुढे निघून गेले होते. परतून आले ते दोन तासांनी. तराफ्यावरील माणसे खालून वर, प्रेतांपासून अर्धमेल्यांपर्यंत, अर्धमेल्यांपासून उठणाऱ्यांपर्यंत, एका लाटेसारखी उजवीकडे चढत जातात, आणि त्या लाटेच्या माथ्यावर एक काळा माणूस पिंपावर चढून वस्त्र हालवतो आहे. शीड मात्र वाऱ्याने उलट दिशेला फुगले आहे. माणसे एकीकडे जाऊ पाहतात आणि तराफा दुसरीकडे चालला आहे. होरेशियसच्या चित्रातील फरशी आठवा, जिचा प्रत्येक दगड आपल्या जागी होता. येथे पायाखालचे लाकूडच जागेवर नाही.

या लाटेत एकच माणूस सामील नाही. डाव्या अंगाला, खाली, एक वृद्ध पिता बसला आहे. डोके एका हातावर टेकलेले, दुसरा हात मांडीवर आडव्या पडलेल्या पुत्राच्या छातीवर. साऱ्या तराफ्यावर ज्याची पाठ सुटकेकडे आहे असा जागेपणी बसलेला हा एकटाच. जहाज आले काय आणि गेले काय, त्याला त्याच्याशी कर्तव्य उरलेले नाही. होरेशियसने मुलांना तलवारी दिल्या, ब्रूटसने मुलांची मान दिली. याच्याजवळ देण्यासारखे काही नाही आणि मागायला कोणी देवताही नाही. ब्रूटसच्या मागे रोमची मूर्ती होती, त्या मूर्तीने त्याचे दुःख आपल्या सावलीत घेतले होते. याच्या मागे समुद्र आहे. जो शोक १७८५ साली उजव्या कमानीत स्त्रियांनी करावयाचा होता तो चौतीस वर्षांनी डाव्या कोपऱ्यातून पित्यानेच आरंभिला आणि सगळ्या तेवीस फुटांवर पसरला. यालाच मी स्वच्छंदतावाद म्हणतो. रंगांची उधळण आणि तुफाने ही त्याची बाहेरची बिरुदे होत.

आणि तरीही, श्रोतेहो, या बुडत्यांच्या पाठी पाहा. तेरा दिवस उपाशी माणसांच्या पाठी अशा असतात काय? त्या ग्रीक मल्लांच्या पाठी आहेत, मायकेलअँजेलोच्या छतावरून उतरलेल्या. जेरिको नुकताच रोमहून परतला होता, आणि शाळेत जे व्याकरण त्याने घोकले होते त्याच व्याकरणात तो नवी गोष्ट सांगत होता. कोष्टकावर माझा राग आहे तो याचसाठी. रंगाच्या बाबतीत मात्र त्याने जुनी शिस्त सोडली आणि तिची शिक्षाही भोगली: खोल काळोखासाठी त्याने वापरलेले डांबरी द्रव्य कधीच धड वाळत नाही, त्यामुळे ते चित्र काळवंडत आणि भेगाळत गेले आहे. दाविदचा पृष्ठभाग आजही ताठ आहे. जेरिकोचा तराफा कॅनव्हासवरदेखील हळूहळू बुडतो आहे.

जेरिको १८२४ साली बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच्यासाठी पुढच्या भागात पालथा पडलेला देह बनून बसलेला तरुण मित्र दलाक्रुआ हा पुढे या पंथाचा ध्वजधारी ठरला, आणि दाविदचा शिष्य अँग्र प्रतिपक्षाचा. १८२४ च्या सालोंमध्ये दलाक्रुआने कियोस बेटावरील कत्तलीचे चित्र मांडले, अँग्रने तेराव्या लुईच्या नवसाचे. पुढे तीसचाळीस वर्षे पॅरिसमध्ये रेषा आणि रंग यांचा हा दावा चालला, ज्यात शिष्यच गुरूंहून अधिक भांडले. गंमत अशी की दलाक्रुआला स्वच्छंदतावादी म्हणवून घेणे मुळीच रुचत नसे. अनेकदा अर्ज फेटाळले गेल्यावर फ्रान्सच्या ललित कला अकादमीने त्याला आत घेतले ते १८५७ साली.

हे साल आपल्याला अपरिचित नाही. बंडाच्या धामधुमीचे तर ते आहेच, पण त्याच वर्षी सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईचे कलाशिक्षणालय सुरू झाले, आणि ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे आमच्या हातांत आले. म्हणजे ज्या वर्षी पॅरिसमध्ये तंटा समेटाला आला, त्या वर्षी त्यातील एका पक्षाचे व्याकरण आम्हांला अभ्यासक्रम म्हणून मिळाले. तंट्याची हकिकत कोणी सांगितली नाही. आमच्या चित्रकारांच्या कित्येक पिढ्यांनी बाह्यरेषा आधी आणि छाया मागाहून हे निमूटपणे गिरविले. त्यांच्यातलेच काही विद्यार्थी १८७२ पासून त्या शिक्षणालयाच्या ग्रिफिथ्स साहेबांबरोबर अजिंठ्याला जाऊन सोळाव्या लेण्यातील मरणोन्मुख राजकन्येची नक्कल उतरवीत होते. तिच्या भोवतीच्या दासींची ओघळलेली अंगे पाहताना त्यांच्यातल्या कोणाला दाविदच्या उजव्या कमानीतील स्त्रिया आठवल्या असतील काय? बहुधा नाही, त्या पाहायला मिळाल्याच कोठून असणार.

फ्रान्समधील माँपेल्ये येथील संग्रहालयात जेरिकोचे एक लहान चित्र आहे. तराफ्याच्या तयारीत काढलेल्या त्या अभ्यासात तोडलेले पाय आहेत, एक हात आहे, आणि खाली कापड. उजेड एका अंगाने येतो आहे, बाकी सारे काळे. त्या पायांची ठेवण इतकी मायेची आहे की झोपलेल्या माणसाचे पाय वाटावेत, आणि मग नजर वर सरकते तो घोट्याच्या पुढे काही नाही. त्याचे मुद्रित प्रथम माझ्या हाती पडले तेव्हा मला काही क्षण कळेना की हे पाऊल मी पूर्वी कोठे पाहिले आहे. तोच काप, तोच एकांगी उजेड, टेबलाची तीच कड. मास्तरांच्या वर्गातील त्या उनाड मुलाने जेरिकोचे नावही ऐकलेले नव्हते.

मास्तर गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी ते प्लास्टरचे पाऊल मला दिले. ते माझ्या लिहिण्याच्या टेबलावर असते. दिवसा खिडकीच्या उजेडात त्याची कड स्वच्छ दिसते, आणि रात्री दिवा टेबलाच्या एका टोकाला ठेवला की अंगठ्याचा उडालेला कोपरा दिसेनासा होतो.